आर/क्यूटीएल: हरभऱ्याच्या गाठी आणि शून्याचा घोळ (बरेच महिने वापरल्यानंतर)

लॅबच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, नवीन टाकला, आणि जीन कुठे आहेत ते शोधायचं आमचं विकतचं मॅपिंग सॉफ्टवेअर उघडेचना. कंपनी म्हणते लायसन्स जुन्या मशीनला बांधलेलं, आता नवीन घ्या. अहो, पूर्ण पैसे भरलेत आम्ही! मेलवर मेल केले, उत्तर तेच. त्याच संध्याकाळी आर/क्यूटीएल टाकलं (आर भाषेतलं, हेच काम करणारं फुकट पॅकेज), तेव्हापासून तेच चालू आहे. ते बनवणाऱ्या ब्रोमन आणि मंडळींचा पेपर 2003 चा, त्यामुळे जुनं झालं म्हणतात, पण एक पैसा लागत नाही आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरही चालतं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे हरभऱ्याच्या आरआयएल आहेत (दोन वाणांच्या संकरातून पिढ्यानपिढ्या स्वपरागणाने स्थिर केलेल्या लाइन), मुळावरच्या गाठींचे, म्हणजे नत्र बांधणारे जिवाणू राहतात त्या गाठींचे, जीन कुठल्या क्रोमोसोमवर बसतात ते शोधतोय. मुळं धुतलेल्यांना माहितीये, कुंडी बादलीत उलटी करून हलक्या हाताने माती सोडवली की एखाद्या झाडाला एकही गाठ नाही आणि शेजारच्याला नुसते झुपके. डेटात शून्यांचा ढीग एकीकडे, बाकी आकडे लांब दुसरीकडे. नॉर्मल मॉडेलला हे झेपत नाही. इथे टू-पार्ट मॉडेल आहे, आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. ते तीन एलओडी (त्या जागी जीन असल्याचा पुरावा किती भक्कम, तो आकडा) देतं: गाठ येते की नाही याचा एक, आल्या तर किती याचा एक, आणि दोन्ही मिळून एक. झाड जिवाणूचा नॉड फॅक्टर (गाठ बनवायचा त्याचा रासायनिक निरोप) ओळखतं का हा एक प्रश्न, आणि गाठी पुरे झाल्या की झाड स्वतःच ब्रेक लावतं तो वेगळा, सोयाबीनमध्ये हा ब्रेक लावणारा एनएआरके जीन बिघडला की गाठीच गाठी येतात तसा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले तर काय सापडणार?

पण एका गोष्टीने डोकं फिरवलं. टू-पार्टमध्ये कोव्हेरिएट (ट्रेसारखा, ज्याचा परिणाम वजा करायचा तो बाहेरचा घटक) घेताच येत नाही! जागा नाही म्हणून आमची प्रत्येक लाइन कुठल्या तरी एकाच ट्रेत, कूलरजवळचा ट्रे आणि पंख्याजवळचा ट्रे यांच्यात उघड फरक, आणि तो फरक काढायला सोयच नाही. नंतरच्या आर/क्यूटीएल2 मध्ये तर टू-पार्टच नाही. इतकं चांगलं मॉडेल असं अर्धवट का सोडलं असेल, याचा मला अजून त्रास होतो.

आधी मी सगळ्यांना सांगायचो की गाठींसाठी हे वापरू नका. आता तसं म्हणणार नाही. ट्रेट (मोजायचा गुण) स्वतःच दोन करा: गाठ आहे/नाही हा बायनरी मॉडेलने चालवा, आणि शून्याच्या जागी एनए (माहिती नाही) टाकून उरलेल्यांचा लॉग घेऊन नॉर्मलने. दोन्हीकडे अ‍ॅडकोव्हरमध्ये (कोव्हेरिएट द्यायच्या पर्यायात) ट्रे देता येतो. पर्म्युटेशन (डेटा मुद्दाम उलटसुलट करून नुसत्या योगायोगाने किती एलओडी येतो ते बघणं) करताना पर्म डॉट स्ट्राटा या पर्यायातही ट्रे द्या, म्हणजे अदलाबदल ट्रेच्या आतच होते. हजार पर्म्युटेशन रात्री लावून झोपा. एलओडी 3 दिसला म्हणून नाचू नका, थ्रेशोल्ड (किती एलओडी खरा मानायचा ती मर्यादा) तुमच्या डेटातूनच काढा. मला तर हे टू-पार्टपेक्षाही बरं वाटायला लागलंय, कारण एलओडीचा कुठला पीक (उंचवटा) कशामुळे आला ते स्पष्ट कळतं.

आणि मोजताना गाठ नखाने चिरून बघा. आत गुलाबी म्हणजे लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लालसर प्रथिन) आहे, नत्राचं काम चालू आहे. पांढरटच असेल तर बहुतेक नुसती गाठ. या दोन्हींचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, मुळं वाळली की रंग परत बघता येत नाही.