लॉग_स्टेटमेंट की पीजीऑडिट?

टीममधली एकजण परवा वैतागून विचारत होती: एका पोस्टग्रेस डेटाबेसवर बाराजण काम करतात, पगाराचं टेबल कोण उघडतं ते कळायला आतलंच ‘लॉग_स्टेटमेंट’ (आलेल्या क्वेरी लॉगमध्ये लिहिणारं सेटिंग) पुरे, की ‘पीजीऑडिट’ हे वेगळं एक्स्टेंशन टाकू?

आधी एक. बाराहीजण ‘ॲप’ नावाच्या एकाच युजरने लॉगिन करत असतील, तर दोन्हींचा उपयोग शून्य. लॉगमध्ये ‘ॲप’च दिसणार. प्रत्येकाला वेगळा रोल (लॉगिनचं खातं) द्या, मग पुढचं बोलू.

पैसे दोन्हींना लागत नाहीत. बसवायला लॉग_स्टेटमेंट सोपं: ‘ऑल’ करा, लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला काय छापायचं त्या सेटिंगमध्ये, ‘%यू’ घाला (इंग्रजी छोटं यू, हे राहिलं की युजरचं नावच छापलं जात नाही, मीही फसलोय), कॉन्फिग रीलोड करा, झालं. पीजीऑडिटला सर्व्हर रीस्टार्ट लागतो.

खरा फरक नोंदींत. ‘ऑल’ सगळंच ओततं, डिस्क भरते. ‘मॉड’ (फक्त बदल करणाऱ्या क्वेरी) केलं तर सिलेक्ट, म्हणजे डेटा वाचणाऱ्या क्वेरी, गायब, आणि हिला तर सिलेक्टच हवेत! पीजीऑडिटमध्ये ऑडिट रोलला (नजर कशावर ठेवायची ते ठरवायला नेमलेला वेगळा रोल) फक्त पगाराच्या टेबलावर सिलेक्टचा हक्क द्या, तेवढ्याच टेबलाच्या नोंदी येतात. कुणी डू ब्लॉकमध्ये (तिथल्या तिथे चालवायच्या छोट्या कोडमध्ये) ‘पगा’ आणि ‘र’ जोडून टेबलाचं नाव बनवलं, तर लॉग_स्टेटमेंटला ते तुकडेच दिसतात; पीजीऑडिट प्रत्यक्ष चाललेली क्वेरी लिहितं.

दोन दिवस बग शोधायचाय? लॉग_स्टेटमेंट लावा, नंतर बंद करा. वर्षभर एखाद्या नाजूक टेबलावर नजर ठेवायचीय, ऑडिटरला उत्तर द्यायचंय, तर पीजीऑडिट. मात्र सुपरयुजर दोन्ही बंद करू शकतो, म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा.