बेळगावात रोजच्या वापराला: जुनी संथ इलेक्ट्रिक गाडी की छोटी नवी?

मी दोन्ही चालवल्या आहेत. आधी दोन पावसाळे संथ गाडी: सेकंडहँड, दोन दारं, सीटखाली ॲसिडच्या बॅटऱ्या. काटा ५० च्या पुढं गेलेला मी कधी पाहिला नाही. आता गेल्या जूनपासून छोटी नवी, लिथियमवाली. तेव्हा खाली जे लिहितोय ते माझ्या टिळकवाडी ते उद्यमबाग ये-जा, बाजार आणि आठवड्यातून एकदा हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातलं शिनोळी, एवढ्या फिरण्यावरून. तुमचं फिरणं वेगळं असेल तर तुमचा हिशेबही वेगळा येईल.

आधी एक गैरसमज. ‘पंचवीसच्या आत पळणाऱ्या बॅटरी गाडीला लायसन लागत नाही’ हे मला गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ऐकवलंय. खरं आहे, पण त्याच नियमात मोटर २५० वॅटच्या आतली हवी असंही आहे. २५० वॅट म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या निम्मी ताकद. तेवढ्यावर चार माणसं घेऊन कपिलेश्वरचा उड्डाणपूल चढून दाखवावा कुणीतरी. ती सवलत स्कूटरची. कार कितीही संथ असली तरी नोंदणी, हिरवी पाटी, विमा, लायसन सगळं आलंच.

संथ गाडीची बाजू आधी मांडतो, कारण तिची बाजू कुणी घेत नाही. गावात तिचा वेग कधी कमी पडला नाही. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कुठली गाडी तीसच्या वर जाते सांगा! मला ती एका बुलेटपेक्षा स्वस्तात पडली. आणि बिघडली तर उद्यमबागेत माणूस मिळतो. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्या मिस्त्रीनं बॉनेटकडे पाहिलंच नाही, सीट उचललं, मीटर लावला आणि सांगितलं, “तीन नंबरचं गेलंय बघा, बाकी चांगले आहेत.” एक बॅटरी बदलली, गाडी चालू. नव्या गाडीचा बॅटरी पॅक सीलबंद असतो, तिथं असा मिस्त्री काही करू शकत नाही. त्याबदली आठ वर्षांची वॉरंटी मिळते आणि डिस्टिल्ड वॉटर घालत बसावं लागत नाही.

विजेच्या बाबतीत दोघींत फार फरक नाही, हे मला उशिरा कळलं. संथ गाडी वजनानं हलकी, पण ॲसिडच्या बॅटऱ्या चार्ज होताना वीज जास्त वाया घालवतात. रोज तीसेक किलोमीटर धरले तर महिन्याला ९०च्या आसपास युनिट दोन्हींनी घेतले. आता इथं खरी मेख आहे, ती म्हणजे गृहज्योती, कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना. घराच्या जुन्या सरासरीवर ठरलेले युनिट फुकट, त्यावरचे पैसे देऊन, इथवर ठीक. पण महिन्याचा आकडा २०० च्या वर गेला की पूर्ण बिल भरायचं. आमच्या घरी गाडी आल्यावर पहिल्याच महिन्यात हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, कागद बघून बायकोनं विचारलं, “हे काय, पेट्रोल सोडलं म्हणत होतास की?” तेव्हा गाडी कुठलीही घ्या, आधी मागची बिलं काढून बघा. शिनोळीच्या आमच्या मेव्हण्यांना हा घोर नाही, त्यांना महावितरणचं बिल पहिल्या युनिटापासून आहेच.

शिनोळीचा विषय निघालाच आहे तर रस्त्याचं सांगतो. हिंडलगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची हा वेंगुर्ला रस्ता. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. संथ गाडीला पिकअप नसल्यानं त्यांना ओलांडता येत नाही, आणि मागचा टेम्पो हॉर्न सोडत नाही. तरी हेही मी चालवून घेतलं. हायवेला काकतीच्या पुढं मात्र एकदाच गेलो आणि पुन्हा गेलो नाही.

पण मी गाडी बदलली ती यातल्या कशानेच नाही. बदलली ती काचेमुळं.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, जून ते सप्टेंबर ओलं आणि गार. काचा बंद केल्या की आतल्या माणसांच्या श्वासानं पुढची काच पांढरी होते. पेट्रोल गाडीला इंजिनची ऊब फुकटात मिळते. इलेक्ट्रिक गाडीत ऊब असो की एसीची कोरडी हवा, सगळं बॅटरीतूनच यायचं. हिशेबानं पाहिलं तर दहा मिनिटांचा एसी म्हणजे दीड-दोन किलोमीटरची रेंज, म्हणजे काहीच नाही. पण जुन्या ॲसिड पॅकला हा हिशेब कुठं कळतोय? हेडलाइट, वायपर आणि एसी एकदम लावले की व्होल्टेज बसायचं आणि गाडी सायकलीच्या वेगावर यायची.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट. जुलैची संध्याकाळ, गेट पडलेलं, एक मालगाडी गेली, गेट उघडेना, म्हणजे दुसरी येणार. आई शेजारी बसलेली. काच पुसायची, तीन श्वासांत पुन्हा पांढरी. एसी लावला तर बॅटरीचा काटा खाली, बंद केला तर समोरचं दिसेना. शेवटी उजवी काच चार बोटं खाली घेतली. ती पुढं सगळा पावसाळा तशीच राहिली. ऑफिसात शिपाई विचारायचा, “सर, एकच हात भिजवून आलासा?”

उपाय सगळे केले. बटाटा कापून चोळला, दाढीचा फेस लावून पुसला. निपाणीचे एक पाहुणे म्हणाले तंबाखू चोळा, तीही चोळली. बाहेरून पाणी ओघळायला तंबाखू बरी, आतल्या वाफेला काही नाही, आणि आठ दिवस गाडीत वास.

नव्या गाडीत हा प्रश्न एका बटणावर संपला, एवढंच सांगू शकतो. काच अर्ध्या मिनिटात साफ, आणि रेंजच्या आकड्याला धक्का जाणवत नाही. बाजारात या गटात मुख्यतः दोन दिसतात: एमजीची कॉमेट, लांबीला तीन मीटरच्या आत, १७.३ युनिटांची बॅटरी. आणि टाटाची टियागो ईव्ही, १९.२ किंवा २४ युनिटांची. कंपन्या सांगतात त्या रेंजचे मी तरी दोन तृतीयांशच धरतो. कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल तर कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे वाटेतल्या स्टेशनवर झटपट होणारं, नाही, टियागोला आहे, हे ध्यानात घ्या. गल्लीत वळवायला मात्र कॉमेटसारखी दुसरी नाही. माझी यातली कुठली, ते राहू दे. पाहुण्यांमध्ये त्यावरून आधीच एकदा वाजलंय.

किमतीतला फरक मोठा आहे, तो मी लपवत नाही. फिरणं चार-पाच किलोमीटरचं असेल, घरी दुसरी गाडी असेल, तर संथ गाडीला मी नको म्हणणार नाही. माझी मी वडगावच्या एका निवृत्त गुरुजींना दिली. परवा भेटले, गाडीवर खूश आहेत. काचेचं विचारलं, तर म्हणाले, “पावसात बाहेर पडतंय कोण बे?”