नोझावा ओनसेन: पुण्याइतक्याच उंचीवरचा बर्फ

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. जपानच्या नागानो प्रांतातील नोझावा ओनसेन या गावात स्कीच्या उतारांचा पायथाही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. तरीही जानेवारीत आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा काही घरांच्या तळमजल्याच्या खिडक्या अर्ध्याअधिक बर्फाआड गेल्या होत्या. सायबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि डोंगरांना अडले की ते सारे हिमरूपाने खाली टाकतात. पावसाळी ढगांचे आपला सह्याद्री जे करतो, तेच तिथले डोंगर हिवाळ्यात करतात. याचा आम्हांला झालेला फायदा असा, की गुलमर्गच्या 2650 मीटर उंचीची धास्ती घेतलेल्या सासूबाई इथे निर्धास्तपणे आल्या.

तोक्योहून बुलेट ट्रेनने इइयामा स्थानक पावणेदोन तासांच्या आसपास येते आणि तिथून बसने साधारण पंचवीस मिनिटांत गावात पोहोचता येते. मोठ्या बॅगा आम्ही तोक्योच्या हॉटेलातूनच सामान पोहोचवणाऱ्या सेवेकडे सोपवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मुक्कामी हजर होत्या, आणि लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये.

स्की शिकण्याचा अनुभव मात्र संमिश्र होता. पुण्यातील ज्या प्रवासी संस्थेमार्फत आम्ही आरक्षण केले होते, तिने मुलांना इंग्रजीतून शिकवले जाईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्यांना जपानी मुलांच्या गटात बसवले गेले. प्रशिक्षिका इतकी समजूतदार होती, की हातवारे आणि ‘पिझ्झा’ या एका शब्दावर तिने काम भागवले. स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची फाकवली, की पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार होतो आणि वेग कमी होतो. आठ वर्षांच्या मुलीला हे तासाभरात जमले; मला तिसऱ्या दिवशी, तेही जेमतेम. माझी मुख्य चूक बुटांची होती. थंडीच्या भीतीने मी पायमोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या, त्यामुळे घट्ट बुटात रक्ताभिसरण अडून पाय उलट अधिक गारठले. एकच पातळ, लांब जोडी पुरते, हे भाड्याने साहित्य देणाऱ्या माणसाने नडगीकडे बोट दाखवून समजावले. पुण्यात घेतलेले लोकरी हातमोजेही पहिल्या तासातच भिजले. पाणी न शिरणारे हातमोजे हवेत, लोकर किती जाड आहे हे तिथे गौण ठरते.

माथा 1650 मीटरवर आहे आणि गोंडोला (रोपवे) बराच वरपर्यंत जातो. शिकाऊ मंडळींना हिकागे भागातील सौम्य उतार पुरेसे आहेत, आणि गावातून तिकडे चढण्यासाठी सरकता मार्ग असल्याने जड बूट घालून चढ चढावा लागत नाही. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटली.

तरीही या गावाची शिफारस मी स्कीसाठी करत नाही, तर संध्याकाळसाठी करतो. गावात गरम पाण्याच्या झऱ्यांवरची 13 सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि ती गावकरीच सांभाळतात. आत जाताना दानपेटीत ऐच्छिक रक्कम टाकायची. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असली, तरी स्नान विवस्त्रच करावे लागते, आणि आपल्या पिढीला हा संकोच सहज ओलांडता येत नाही. सासूबाईंनी तो आमच्या आधी ओलांडला. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्या बाईला गरम पाण्याचे कौतुक नव्हते. गुडघे हलके झाले, त्याचे मात्र होते. पाणी भलतेच कढत असते, म्हणून मुलांना आत उतरवण्यापूर्वी हात घालून पाहावा. ओगामा नावाच्या कुंडात तर पाणी सुमारे 90 अंशांचे असते. तिथे गावकरी भाजी उकडतात आणि पाहुण्यांना आत प्रवेश नसतो.

शाकाहारी कुटुंबांसाठी जेवण ही खरी अडचण आहे. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेली भाजी, सगळ्यांत बहुधा माशाचा अर्क असतो आणि ‘मासे नकोत’ असे सांगूनही तो वगळला जाईलच असे नाही, कारण यजमानांच्या लेखी तो मासा नसतोच. नागानोतील ओयाकी हे भोपळ्याचे किंवा गोड लाल चवळीसारख्या अझुकीचे सारण भरलेले कणकेचे गोळे मुलांनी आवडीने खाल्ले. उरलेली भूक आम्ही पुण्याहून नेलेल्या मेतकुटावर आणि मुक्कामी मिळणाऱ्या उत्तम भातावर भागवली.

दरवर्षी 15 जानेवारीला इथे दोसोजिन हा अग्निउत्सव होतो: लाकडी देवघर उभारून 42 वर्षांचे पुरुष त्यावर बसतात, 25 वर्षांचे खाली पहारा देतात आणि बाकीचे गावकरी मशाली घेऊन चाल करतात. आम्ही तो दोन दिवसांनी चुकवला. तारखा जुळवता आल्या तर मुक्कामाचे आरक्षण बरेच आधी करावे, आणि मुलांच्या शिकवणीची भाषा थेट स्की शाळेकडून लेखी कळवून घ्यावी.