बाइंडिंगची तार, भाव पावणेदोन लाख

माझ्याकडे 1995 ची सुप्रा आहे, टोयोटाची स्पोर्ट्स कार. कशी घेतली, कितीला घेतली ते विचारू नका, बायको विचारते तेवढं पुरे. इंजिन 2जेझेड-जीटीई, जपानी बाजारासाठी बनलेलं. सहा सिलिंडर, तीन लिटर, दोन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. हे दोन टर्बो एकदम कामाला लागत नाहीत. खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना, एक्झॉस्टचा बहुतेक झोत पहिल्याकडेच जातो, त्यामुळे गाडी लवकर ओढू लागते. साधारण 4000 ला झडपा उघडतात आणि दुसरा जोडीला येतो. याला म्हणतात सिक्वेन्शियल. हा सगळा कारभार चार सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणाऱ्या छोट्या झडपा), झडपांचे दांडे हलवणारे काही अ‍ॅक्च्युएटर आणि बारीक रबरी नळ्यांचं जंजाळ यांच्या हातात असतो. तीस वर्षांचं रबर, वर इंजिनाची धग. एखादी नळी फुटली की खेळ बिघडतो, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, आणि माझ्या अज्ञानाचीच किंमत मी मोजली.

झालं असं की 4000 पार केले की बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा 0.7 बारवरून घसरायचा आणि पुन्हा उठायचाच नाही. कुणीतरी म्हापशाच्या बाजूचं एक गॅरेज सांगितलं. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं आत बघितलं आणि निदान केलं, "पात्रांव, दुसरो टर्बो जाम जाला. हें सिक्वेन्शियल आमच्या हवेक चलना. पॅरलल करूंया. शंबर घोडे वाडटले."

ना त्याने एक नळी काढून फुंकून पाहिली, ना गेज जोडला. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण शंभर घोडे, म्हणजे शंभर हॉर्सपॉवर, म्हटल्यावर माणसाचं डोकं कुठे जागेवर राहतं?

हिशेब त्याने वहीच्या पानावर मांडला. जपानी किट 95,000, मजुरी 45,000, ट्युनिंग 35,000. एक लाख यूपीआयने गेले, तेही गॅरेजच्या नाही, त्याच्या भाच्याच्या खात्यावर. उरलेले 75,000 रोख. "जीएसटी कित्याक भरता?" असं तो म्हणाला आणि मी मनात हसलो. आपण सरकारला फसवतोय असं वाटत असताना आपल्यालाच कोणी कापत असतं.

तीन आठवड्यांनी ट्रायल. रात्री, मोकळ्या हायवेवर, स्टिअरिंगवर तो. दुसऱ्या गिअरमध्ये 4000 नंतर पाठ सीटला चिकटली. मी खूश. आता लक्षात येतं की 4000 च्या आधी गाडी मेल्यासारखी होती, म्हणून नंतरचा धक्का मोठा वाटला. पॅरललमध्ये एक्झॉस्ट सुरुवातीपासून दोन्ही टर्बोंत वाटला जातो, त्यामुळे दोघेही उशिरा फिरतात. टर्बो तेच, हवा तेवढीच. वरची ताकद मुळात वाढण्याचं काही कारणच नाही. मधला खड्डा जातो, इतकंच, आणि त्या बदल्यात खालचा पिकअपही जातो.

तो कसा गेला ते चोर्ला घाटाने दाखवलं. बेळगावला निघालो होतो, मागे आई आणि मुलगी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, 2500 वर, समोर खडीचा ट्रक. पूर्वी इथे पाय दाबला की गाडी सुटायची. आता नुसता आवाज. दुसरा टाकला, दाबलं, तर काटा एकदम 1 बारच्या वर गेला आणि इंजिनाने स्वतःला वाचवायला धाडकन इंधन तोडलं. आई म्हणाली, "अरे, आपटलो का कुठे?" जपानी मॉडेलच्या या टर्बोंची चक्रं सिरॅमिकची असतात. बूस्ट हाताबाहेर गेलं तर ती फुटतात. त्यामुळे मी परत फिरलो.

फोंड्यात एक म्हातारा मेस्त आहे, सुप्रा त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण त्याने गाडी थंड होऊ दिली, टॉर्च घेतला आणि अर्धा तास एक शब्द न बोलता एकेक नळी हाताने चाचपली. मग मला खाली वाकायला सांगितलं. एक्झॉस्टच्या झडपेचा दांडा बाइंडिंगच्या तारेने पिळून उघडा बांधला होता. स्लॅबच्या सळ्यांना बांधतात ती तार. इनटेकच्या झडपेला केबल टाय. उघड्या नळ्यांच्या तोंडात स्क्रू कोंबलेले. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, नळीला चीर, बूस्ट हाताबाहेर जात होतं ते म्हणून. सोलेनॉइडच्या जागी रिकामी पट्टी.

मी विचारलं, "किट कुठं दिसतं का?"

"हीच किट," तो म्हणाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. झडप उघडी बांधून ठेवणं ही फसवणूक नाही. सुप्रावाले जगभर असंच करतात, तारेने किंवा छोट्या क्लॅम्पने. टोयोटाच्याच पहिल्या 1जेझेड-जीटीई इंजिनामध्ये दोन्ही टर्बो कारखान्यातूनच पॅरलल चालायचे. फसवणूक आहे ती 95,000 च्या किटमध्ये, कारण या कामाला किट लागतच नाही. आणि त्याहून मोठी फसवणूक म्हणजे सोलेनॉइड काढून नेणं. ते जागेवर असते तर एका दुपारी गाडी पूर्ववत झाली असती. मूळ बिघाड होता तो एका उसवलेल्या नळीचा. तिचा तुकडा तसाच लोंबकळत राहिलेला मेस्तने दाखवला.

गॅरेजवाल्याला फोन केला. "जुनो माल भंगारांत गेलो, तुमी मागलो ना." खरंच, मागितला नव्हता. कामाआधी गाडीसमोर उभं राहून काय निघणार, काय बसणार हे लिहून घेतलं असतं, आणि निघालेला प्रत्येक तुकडा पिशवीत परत हवा असं बजावलं असतं, तर तो तिथेच नाही म्हणाला असता. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. एक लाखाचा यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे "किट आयलें" वगैरे निरोप तक्रारीला जोडले. रोख 75,000 चा पुरावा म्हणजे माझी जीभ. वहीचं पान त्याच्याकडेच राहिलं.

सोलेनॉइड शोधतोय, तोवर गाडी पॅरललच चालणार. मेस्तने वेस्टगेटची नळी बदलली, तारेच्या जागी स्टीलचा क्लॅम्प लावला आणि 600 रुपये घेतले. निघताना काढलेली तार, केबल टाय आणि स्क्रू एका कागदात बांधून, मी न मागता, माझ्या हातात ठेवले.