ससाण्याच्या घरातला कॅमेरा: डर्बी कॅथेड्रल, एका कबुतरवाल्याच्या नजरेतून

हे परीक्षण पक्षीमित्रांसाठी नाही, त्यांना हा कॅमेरा माहीतच असणार. मी लिहितोय ते कबुतरं पाळणाऱ्यांसाठी. तुमची कबुतरं इंग्लंडात परसातल्या लाकडी शेडमध्ये असोत, नाहीतर मिरज-इचलकरंजीकडे गच्चीवरच्या ढाबळीत. वस्तू अशी: डर्बी शहराच्या कॅथेड्रलवर बहिरी ससाण्याचं घरटं आहे आणि त्यावर कॅमेरे रोखलेत. चित्र थेट इंटरनेटवर येतं. किंमत काही नाही. माझे गुण पाचापैकी साडेचार.

शत्रूच्या घरात बसवलेला कॅमेरा फुकट बघायला मिळतोय आणि आमची अर्धी जमात रुसून तो बघत नाही, हे मला पटत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी जागा समजून घ्या. कॅथेड्रलचा मनोरा सोळाव्या शतकातला, २१२ फूट उंच. ससाणा काटक्या गोळा करून घरटं बांधत नाही. कड्याच्या खाचेत माती-खडी असेल तिथे छाती घासून खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. दगडी मनोरा त्याला कड्यासारखाच, फक्त तिथे खडी नसते. ती सोय २००६ साली माणसांनीच करून दिली: मनोऱ्यावर खडी भरलेला एक फळीवजा ओटा बसवला. जोडीनं तो लगेच पसंत केला. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, कॅमेरे आले. खाली शहर, शहरात पिढ्यान्‌पिढ्या चौकात दाणे टिपणारी पारवी. वर कडा, खाली भरलेलं ताट. शहरात का येतात म्हणून विचारणाऱ्यांना आणखी काय सांगायचं?

आता आमच्या कामाचं. मार्च संपता संपता मादी तीन-चार तांबूस अंडी घालते. महिनाभराहून थोडं जास्त उबवणं. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर येतात, आणि साधारण सहा आठवड्यांनी उडतात. इथली कबुतरांची शर्यत (लांब नेऊन सोडायचं, आधी घरी परतेल ते जिंकलं) एप्रिलमध्ये सुरू होते. मोठी कबुतरं जुलैपर्यंत, त्या सालची पोरं जुलै ते सप्टेंबर. म्हणजे आमच्या लांब पल्ल्याच्या शर्यती आणि त्यांच्या पोरांची भूक एकाच वेळी टिपेला पोचते. हे आमच्या क्लबात सगळ्यांना मोघम ठाऊक होतं. कॅमेऱ्यामुळे ते तारखेनिशी कळायला लागलं. पिल्लं पांढऱ्या लोकरीची असताना नर दिवसातून दोन-तीनदा काहीतरी आणून टाकतो. त्यांना तपकिरी पिसं फुटू लागली की मादीही शिकारीला बाहेर पडते. मादी नरापेक्षा चांगली तिसऱ्या हिश्श्याने मोठी, आणि पूर्ण वाढलेलं शर्यतीचं कबूतर उचलणं तिला जड नाही. मादी ओट्यावरून गायब राहू लागली की मी नव्या कबुतरांना लांब नेऊन सोडणं थांबवतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी चार गुण देऊन टाकले असते.

रोजचा उपयोगही आहे. मेमध्ये इथे पहाटे पाचलाच उजाडतं. चहा ठेवायचा, फोन उघडायचा, पहिलं भरवणं झालं का बघायचं. पोटं फुगलेली पिल्लं आडवी झाली आणि मादी कडेला बसून चोच पुसायला लागली, की मी शेडचं दार उघडतो. ही हमी नव्हे. या परिसरात ससाण्याची जोडी एकच थोडी आहे? नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट विद्यापीठाच्या इमारतीवर एक आहे, लेस्टरच्या कॅथेड्रलवर एक. पण निदान घरच्या चोराची हालचाल तरी कळते.

माझे आण्णा मिरजेत हाच कॅमेरा बघतात. इथे पाच म्हणजे तिथे साडेनऊ, त्यांचा नाश्ता झालेला असतो. त्यांनी जन्मभर गिरेबाज जातीची कबुतरं उडवली, त्यामुळे त्यांचं बघणं वेगळं. मागच्या मेमध्ये फोन आला, "अरे, तो नर वाळलेला दिसतोय बघ. आज पोरं सोडू नकोस, तो लांबवर फिरणार." तिकडे ससाण्याची धास्ती हिवाळ्यात असते. उत्तरेकडून आलेला पाहुणा ऑक्टोबर ते मार्च पाण्याच्या टाकीवर किंवा टॉवरवर ठाण मांडतो आणि उन्हाळ्याआधी निघून जातो. सह्याद्रीच्या कड्यावर राहणारा शाहीन वेगळा, पण मिरजेच्या गच्चीवर भेटतो तो बहुधा हाच पाहुणा. डर्बीच्या ससाण्याला वर्षभर घरपट्टी भरल्यासारखा एकाच पत्त्यावर राहताना बघणं आण्णांना अजून नवलाचं वाटतं.

ओट्यावर येतं काय? ही पंचाईत मी सुरुवातीला गंमत म्हणून बघायचो, नंतर वहीत लिहू लागलो. शिकार बहुतेक वेळा सोलून, मुंडकं उडवून येते. त्यामुळे पाय बघायचे. लाल पाय, जाड नखं म्हणजे कबूतर. हे सर्वांत जास्त, यात वाद नाही. पायात रिंग असेल, म्हणजे कुणाचं तरी पाळलेलं असेल, तर छातीत धस्स होतं. पण बहुतेकदा नसते, चौकातलंच पारवं असतं. आणि मग अशी मंडळी येतात की कबुतरवाला गप्पच होतो: टील बदक, सोनचिखल्या, वुडकॉक. वुडकॉक रात्री स्थलांतर करतो, दिवसा झुडपात दडून असतो. मग तो शहराच्या मनोऱ्यावर कसा? उत्तर कॅमेऱ्यानेच दिलं. मनोऱ्यावर रात्री प्रखर दिवे सोडलेले असतात. वरून जाणाऱ्या पक्ष्यांची पोटं खालून उजळतात आणि ससाणा काळोखात उठून त्यांना उचलतो. इथे रात्री ससाण्याला शिकार घेऊन येताना लोकांनी घरी बसून पाहिलं आहे.

क्लबातल्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं की ते मान हलवतात. त्यातला एक कोळसाखाणीतून निवृत्त झालेला, वडील-आजोबा सगळे खाणीत आणि सगळेच कबुतरवाले. त्याचं म्हणणं, "तुम्ही त्यांना खडी घालून देता, कॅमेरा लावता, आणि माझं कबूतर गेलं की कुणी फूल वाहतं का?" त्याचा राग मला कळतो. पण रागाचा इतिहास थोडा मोठा आहे, आणि तो कबुतरवाल्यांना फारसा सोयीचा नाही.

१९४० साली युद्धात हवाई दलाची निरोप्या कबुतरं ससाणे मारतात म्हणून ब्रिटिश सरकारने ससाणे मारायचा हुकूमच काढला. सुमारे ६०० मारले गेले. युद्धानंतर संख्या सावरली. मग १९६०च्या सुमाराला कबुतरवाल्यांनी सरकारकडे तक्रार केली की ससाणे फार झालेत, संरक्षण काढा. सरकारने खरंच मोजायला सांगितलं. डेरेक रॅटक्लिफ या संशोधकाने १९६१-६२ मध्ये देशभरची घरटी तपासून घेतली, तर निघालं उलटंच: ससाणे वाढलेले नाहीत, कोसळलेत. शेतात बियाण्याला चोळलेलं डिल्ड्रिन हे कीटकनाशक कबुतरांनी खाल्लं, कबुतरं ससाण्यांनी खाल्ली. डीडीटीने अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आईच्या वजनाखाली फुटायला लागली. कवचांची ती गोष्ट रॅटक्लिफने १९६७ साली छापली. म्हणजे आमच्याच जमातीच्या अर्जामुळे ससाणा वाचला! २०१४च्या गणनेत ब्रिटनमध्ये १,७००हून अधिक जोड्या होत्या. खाणकामगार आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अर्ज करायलाच नको होता."

यातलं एक मात्र थट्टेवारी न्यायचं नाही. जिवंत कबुतराला विष चोपडून ससाण्यासाठी सोडायचे प्रकार या देशात झालेले आहेत. १९८१च्या वन्यजीव कायद्याने घरट्याशी नुसता हस्तक्षेप केला तरी गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. स्वतःच्या कबुतराला विष लावणारा माणूस कबुतरवाला कसा म्हणायचा?

आता तो अर्धा गुण. कॅमेरा ओटा दाखवतो, आभाळ दाखवत नाही. आमचं खरं नुकसान होतं आभाळात. ससाणा थव्यावर झडप घालतो तेव्हा एक कबूतर जातं, कधी तेही नाही. पण थवा फुटतो. उरलेली घाबरून दाही दिशांना सुटतात. कुणी तारेला धडकतं, कुणी थकून परक्या गावात उतरतं, कुणी दोन दिवसांनी पाय ओढत घरी येतं आणि मग त्या मोसमात शर्यतीला निकामी. त्यात सर्वांत त्रासदायक असतात जुलै-ऑगस्टमधली ससाण्याची नवशिकी पोरं. आईबाप निशाणा साधून मारतात. ही पोरं नुसता पाठलाग करत सुटतात, पकडता काही येत नाही. आमचीही पोरंच तेव्हा पहिल्यांदा लांब जात असतात. दोन्हीकडची अडाणी लेकरं एकाच आभाळात. यातलं काहीही कॅमेऱ्यात येत नाही, आणि नुसतं ओटा बघून 'आठवड्याला इतकीच कबुतरं मेली' असं म्हणणाऱ्या पक्षीमित्रांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरं, ढाबळीच्या दारात येऊन कबूतर फाडतो तो बहुतेक वेळा ससाणा नसतोच. तो स्पॅरोहॉक, आपल्या शिक्र्याचा इकडचा चुलतभाऊ. कुंपणाच्या आडून जमिनीलगत येतो. ससाणा मोकळ्या आभाळातून येतो, ताशी ३०० किलोमीटरच्या वर. नवीन लोक दोघांचा हिशेब एकाच खात्यावर लिहितात. कॅमेरा बघून ससाण्याची ठेवण, ती काळी मिशी, रुंद छाती, टोकदार पंख डोळ्यात बसले की ही गल्लत होत नाही.

कोणती कबुतरं आधी जातात यावर आण्णांचं आणि माझं कायम वाजतं. त्यांचं म्हणणं पांढरं आधी जातं, लांबून दिसतं म्हणून. त्यांना मी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा अभ्यास सांगितला, २००५ साली 'नेचर'मध्ये आलेला. तिथे रानटी कबुतरांत शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली कबुतरं ससाण्याच्या तावडीतून जास्त सुटत होती. संशोधकांनी पट्टेवाल्यांची पिसं साध्यांना आणि साध्यांची पट्टेवाल्यांना लावली, तर नशीबही फिरलं. झडपेच्या क्षणी कबूतर कूस बदलतं, आणि तो पांढरा पट्टा ससाण्याची नजर चुकवतो असा तर्क आहे. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पट्टा पांढरा ना? मी सगळं पांढरं म्हणतोय." यावर काय बोलणार! पण शेपटीशी पांढरा पट्टा असलेल्या निळ्या जोड्या मी हल्ली मुद्दाम जास्त ठेवतो.

प्रत्यक्ष जायचं असेल तर मे-जूनमध्ये ठरावीक दिवशी कॅथेड्रलमागच्या हिरवळीवर स्वयंसेवक दुर्बिणी लावून उभे असतात. तिथूनच पुढे डर्वेंट नदीकाठी जुनी रेशीम गिरणी आहे, पोरांना तेही दाखवता येतं. दुर्बिणीतून बघायला पैसे लागत नाहीत, कुणी हाकलत नाही. मी कबुतरवाला आहे हे सांगितल्यावर एका बाईंनी उलट मलाच प्रश्न विचारून भंडावलं: रिंगवरचं साल कसं वाचायचं, हरवलेलं कबूतर मालकाला कसं कळवायचं. चांगली माणसं आहेत. मान दुखते, टोपी न्या. पिल्लं पंख फडफडवायला लागल्याच्या आठवड्यात जा, त्याआधी खालून फक्त दगड दिसतो.

कॅमेऱ्यांत निवड करायची असेल तर नॉटिंगहॅमचा घरट्याच्या जास्त जवळ आहे, पिल्लांचे चेहरे हवे असतील तर तो लावा. शिकारीचे पाय ओळखायचे असतील तर डर्बी. ऑगस्टनंतर दोन्हीकडे बहुतेक वेळ रिकामी खडीच दिसेल, तेव्हा मार्चपर्यंत वाट बघा. प्रकल्प देणग्यांवर चालतो. मी दर वर्षी थोडे पौंड पाठवतो, क्लबात मात्र बोलत नाही.