कोल्हापुरात राजारामपुरीतलं फिल्म स्कॅनिंगचं दुकान: १६ एमएमची जुनी रिळं असतील तर इथं द्या

घरात कुणाची जुनी फिल्मची रिळं पडून असतील त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय, कारण या कामातलं कुणाला फारसं माहिती नसतं आणि 'जुन्या फिल्मचा व्हिडिओ करून मिळेल' अशी पाटी दिसली की लोक रीळ देऊन मोकळे होतात.

आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. पन्नासच्या दशकात त्यांनी बोलेक्स कंपनीच्या, चावी देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्यावर बरंच शूटिंग केलेलं, त्यात लग्नंबिग्नं कमी आणि गुऱ्हाळ, तालीम, जनावरांचा बाजार असलंच जास्त. आता आपल्याकडं सिनेमाचा इतिहास म्हटलं की बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा बनवला, प्रभात इथंच १९२९ ला सुरू झाली, जयप्रभा स्टुडिओ, हे सगळ्यांना तोंडपाठ असतंय आणि त्याचा अभिमान मलापण आहे, खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दिसला की अजून बरं वाटतं. पण ते सगळं कथापटांचं झालं. त्याच काळात खऱ्या माणसांची, खऱ्या कामाची जी फिल्म निघाली ती बहुतेक सरकारी, १९४८ ला मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि मग थिएटरात मेन पिक्चरच्या आधी त्यांची डॉक्युमेंटरी नाहीतर न्यूजरील दाखवणं सक्तीचं होतं, आमच्या आईच्या पिढीला ते चांगलं आठवतं. धरणं, कारखाने, पंचवार्षिक योजना आणि वरून निवेदकाचा भारदस्त आवाज. आपल्या भागातलं एखादं साधं गुऱ्हाळ त्यात कुठून येणार, ते असलंच तर असल्या घरातल्या डब्यांतच असणार. म्हणून ही रिळं नीट उतरवून घेणं मला महत्त्वाचं वाटत होतं.

आधी एका दुसऱ्या शहरात एका ठिकाणी दोन रिळं दिलेली. त्यांनी सरळ प्रोजेक्टरवर लावून भिंतीवर पाडलं आणि समोरून व्हिडिओ काढला. चित्र सारखं लपलपतंय, कडा कापलेल्या, आणि माणसं सगळी तुरुतुरु पळतायत. पैसे पूर्ण घेतले ते घेतलेच.

राजारामपुरीतल्या या दुकानात मालकांनी दर सांगायच्या आधी डबा उघडून वास घेतला. व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ॲसिटेटची (एका जातीच्या प्लॅस्टिकची) फिल्म सडायला लागली असं समजायचं, ती आकसते, वाकडी होते आणि तिच्या वाफेनं शेजारची चांगली रिळंपण बिघडतात. आमच्या एका रिळाला तो वास होता, ते त्यांनी तिथल्या तिथं वेगळं काढून ठेवलं. आकसलेली फिल्म दात्यांच्या प्रोजेक्टरवर चढवली की कडेची भोकं फाटतात, यांच्या मशीनला दातेच नाहीत, नुसत्या रोलरवरून फिल्म सरकते आणि एकेका फ्रेमचा वेगळा फोटो निघतो. सगळं समोर उभं राहून बघू देतात, मला हे लई आवडलं.

मग स्पीड. साऊंडची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, पण मूकपट काढणारे हौशी लोक फिल्म वाचावी म्हणून १६ वर चालवायचे. १०० फुटांच्या रिळात ४००० फ्रेम असतात, २४ नं चालवलं तर पावणेतीन मिनिटांत संपतं आणि १६ नं चालवलं तर चार मिनिटं दहा सेकंद. त्या आधीच्या लोकांनी हे बघितलंच नव्हतं म्हणून सगळे पळत होते. यांनी बैलाची चाल आणि पाणी ओतणारी बाई बघून १६ पक्कं केलं, आणि मग तालमीतला पैलवान जोर मारताना खरंच पैलवानासारखा दिसायला लागला.

गुऱ्हाळाचं रीळ बघून तर मी गप्पच बसलो. काहिलीतनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, वाफ येतीय, एकजण चुलवाणात चिपाडं सारतोय, आणि मग एकदम जवळून गुळव्याचा हात. गार पाण्यात टाकलेला पाक तो दोन बोटांत वळून बघतोय, गोळी झाली का म्हणून, परत टाकतोय, परत वळतोय. बोटावरच्या भाजल्याच्या खुणा मोजता येतील इतकं स्वच्छ आलंय. पुढं काहील उतरवायला माणसं बांबूला हात घालतात, काहील हलते आणि शॉट तुटतो, पुढच्या शॉटमध्ये गूळ वाफ्यात ओतून झालेला. मालक म्हणाले, "चावी संपली असणार बघा." बोलेक्सला एकदा पूर्ण चावी दिली की साधारण साडेसोळा फूट फिल्म चालते, १६ च्या स्पीडला चाळीसेक सेकंद. म्हणजे आजोबांनी तेवढ्या चावीत त्या हाताला थांबून दिलं आणि उतरवणं हुकलं. मला विचाराल तर बरोबर केलं.

रीळ कधीचं हे आमच्या घरात कुणालाच माहिती नव्हतं. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यावरनं फिल्म कुठल्या वर्षी बनली ते कळतं, फक्त त्याच खुणा वीस वर्षांनी परत येतात. आमच्यावर निघालं १९३७ नाहीतर १९५७. बाजाराच्या शॉटमध्ये मागं एसटी उभी आहे, आणि एसटी सुरूच झाली १९४८ ला, त्यामुळं १९५७ ची फिल्म हे नक्की झालं. ही असली चौकशी बिलात धरलेली नव्हती, माणसाला खरंच आवड आहे.

आईला मागं गाणं टाकून पाहिजे होतं. त्यावर ते म्हणाले, "काकू, टाकून देतो की, पण मूळ फाईलला हात लावायचा नाही, ती मुकीच राहू दे." तेव्हा रस्त्यावर नेऊन चित्राबरोबर आवाज घ्यायचं हलकं मशीनच जवळपास नव्हतं, त्यामुळं सरकारी डॉक्युमेंटऱ्यांवरसुद्धा आवाज नंतर स्टुडिओत चढवायचे, हे त्यांनी आईला इतकं नीट समजावलं की तिनं गाण्याचा नाद सोडला. दोन फाईली मिळतात, एक जशीच्या तशी ओरखड्यांसकट कडा दिसणारी, आणि एक मोबाईलवर बघायला साफ केलेली.

आता खटकलेलं. वेळ फार लागतो, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर काम हातात आलं आणि व्हॉट्सॲपला उत्तर येत नाही, फोनच करावा लागतो. साफ केलेल्या फाईलमध्ये काळा रंग जरा जास्त गडद केलाय, तालमीतले कोपरे बुडालेत, सांगितल्यावर बदलून दिलं पण आधीच बघायला पाहिजे होतं. दर फुटावर आहे आणि स्वस्त नाही, शिवाय हार्ड डिस्क आपली न्यायची. पार्किंगचं राजारामपुरीत काय असतंय ते सांगायला नको.

आणि एक, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी घरातल्या अल्बमांचा चिखल झाला, पुढं कधी फिल्म भिजली तर उन्हात वाळवत बसू नका, थर एकमेकांना चिकटतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून तशीच लवकरात लवकर माहितगार माणसाकडं न्यायची, हेपण त्यांनीच सांगितलं.

पाचपैकी चार. जाताना रिळांचे मूळ डबे आणि त्यावरच्या चिठ्ठ्या फेकू नका, तशाच घेऊन जा, आणि सोमवारी बंद असतं.