लोकशाहीची बाजू घ्यायची तर कोणत्या पायावर?

‘अडाण्याच्या आणि शिकलेल्याच्या मताला सारखीच किंमत का?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत: एक समान हक्काचं, दुसरं चांगल्या निर्णयाचं.

पहिलं साधं आहे. निर्णयाचं बरंवाईट ज्याला भोगायचं, त्याला त्यात सारखा वाटा हवा. तो चुकला तरी हक्क जात नाही. पण नाणं उडवून निर्णय घेतला तरी सगळ्यांना समानच वागवलं जातं. मग चर्चा आणि मतदान कशाला, हे या उत्तरातून कळत नाही.

दुसरं उत्तर म्हणतं, अनेकांच्या सल्ल्याने सत्य लवकर सापडतं. फ्रेंच गणिती काँदोर्सेने 1785 मध्ये त्याचं गणित मांडलं. प्रत्येक जण बरोबर असण्याची शक्यता 55 टक्के असेल, तर 101 जणांचं बहुमत सुमारे 84 टक्के वेळा बरोबर येतं. मात्र प्रत्येकाने स्वतंत्र विचार केलेला हवा. सगळ्यांनी एकच फॉरवर्ड वाचून मत दिलं तर हे गणित कोसळतं.

मला आकड्यांपेक्षा दुष्काळाचा दाखला जास्त पटतो. 1943 मध्ये परक्या राजवटीत बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ भीषण होता, पण मोर्चे निघाले, विधानसभेत जाब विचारला गेला, सरकारला खडी फोडायची, पाझर तलावांची कामं काढावी लागली. ऐन भरात सुमारे 50 लाख लोक कामावर होते. कोणत्या गावात चूल पेटत नाही, हे ज्ञान तिथल्या मजुराकडेच होतं आणि सरकारला त्याचं ऐकणं भाग होतं.

पण हे दुसरं उत्तर एकटंच धरलं तर घातक ठरतं. हरियाणाने 2015 मध्ये पंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, बऱ्यावाईटाचा विवेक शिक्षणानेच येतो असं म्हणून. निम्म्याहून अधिक दलित स्त्रिया उमेदवारीच्या बाहेर फेकल्या गेल्या. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, हे बाबासाहेबांनी 1929 मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणून मताचा किंवा उमेदवारीचा हक्क पणाला लागला असेल, तर समानतेवरच उभं राहा, तिथे ‘चांगल्या निर्णया’ची भाषा नको. माहितीचा अधिकार, खोट्या बातम्या, पत्रकारांवरचा दबाव यांवर बोलायचं असेल, तर दुसरं उत्तर घ्या. तिथे ते जास्त जोरकस आहे.